बघण्यासारखें कांहीं

परगांवचा पाहुणा घरीं येतो. चहापाणी होतें, प्रकृतीची विचारपूस होते, पावसाला यथाशक्ति दोष देऊन होतो, आणि मग यजमानावर एक बिकट प्रसंग ओढवतो. पाहुणा सहज विचारतो, "इकडे बघण्यासारखें काय आहे?" पुणेकराला या प्रश्नाची धास्ती नाहीं. शनिवारवाड्यापासून आरंभ करून पाहुणा दमेपर्यंत त्याला बोलतां येतें. वेरूळच्या पंचक्रोशींत राहणारा मनुष्य तर प्रश्न पुरा होण्याचीहि वाट पाहत नाहीं. आमच्या हिंगोलीकडचा यजमान मात्र क्षणभर आढ्याकडे बघतो, पानाला चुना लावतो आणि अपराध्याच्या स्वरांत म्हणतो, "आमच्याकडे काय असणार हो? औंढा आहे, नर्सी आहे. बाकी कांहीं नाहीं."

हें "बाकी कांहीं नाहीं" मीं इतक्या जणांच्या तोंडून ऐकलें आहे कीं, जिल्ह्याच्या वेशीवर पाटी लावावयाची झाल्यास हेच तीन शब्द कोरावे, असें मला कधीं कधीं वाटतें. वरवर पाहतां हा विनय आहे. पण विनयी मनुष्य आपलें धन झांकून ठेवतो. तें कोठें ठेवलें आहे हें त्याला ठाऊक असतें. आमचें तसें नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. त्याच्या आधींहि आणि त्याच्या नंतरहि आमच्या मुलखाला 'मागास' हें विशेषण इतक्या सरकारी कागदांतून लागत आलें कीं, अखेर तें आडनांवासारखें आम्हांला चिकटलें. मागास मुलखांत बघण्यासारखें काय असणार?

आणखी एक कारण आहे. केवळ बघण्यासाठीं घर सोडणें ही कल्पनाच आमच्याकडे नवी. आमच्या आज्या-पणज्यांनीं पायपीट कमी केली नाहीं. पण त्यांना कोणी 'प्रवासी' म्हटलें असतें तर ते मागें वळून दुसऱ्या कोणाला हांक मारली कीं काय, तें पाहत राहिले असते. ते वारीला जात, सोयरिकीला जात, बैलबाजाराला जात, कोर्टाच्या तारखेला जात. आज कित्येक कुटुंबें ऊसतोडीला जातात, मुलें पुण्यामुंबईस नोकरीला जातात. ज्यांना जावेंच लागतें, त्यांच्याकडे कोणी हौसेनें येईल हें त्यांना खरें वाटत नाहीं.

माझा भाचा पुण्यास एका प्रवासी कंपनींत आहे. थायलंडांतील चिआंग माई हें शहर पाहून परतल्यावर चार दिवसांच्या सुट्टींत तो माझ्याकडे उतरला. त्या शहराचें त्यानें केलेलें वर्णन मीं मन लावून ऐकलें. मेंगराई नांवाच्या राजानें १२९६ सालीं वसविलेलें शहर, मधोमध चौकोनी जुनें गांव, त्याच्या भोंवतीं पाण्यानें भरलेला खंदक, गल्लोगल्लीं विहार, पश्चिमेला डोंगर आणि त्या डोंगरावर डोई सुथेपचें सोनेरी देवस्थान. तेथें चढून जावयास तीनशेंहून अधिक पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना कठड्याऐवजीं प्रचंड नाग, फणा काढून पायथ्याशीं उभे. सकाळीं कोठें जावें, दुपारीं काय खावें, तेथला स्वयंपाक कोणाकडून शिकावा, रात्रीच्या बाजारांत घासाघीस किती करावी, हें सारें तेथें ठरून गेलें आहे. "मामा, तें शहर पाहुण्याला घटकाभरहि रिकामें बसूं देत नाहीं," तो म्हणाला, आणि खिशांतून वही काढून त्यानें पुढें जोडलें, "तुम्ही फक्त यादी द्या. हिंगोली जिल्हा, दोन दिवस. बाकीचें मी बघतों."

मी यादी देऊं लागलों. पण ती यादी कांहीं केल्या यादी होईना.

गांवापासूनच आरंभ करावा म्हटलें. हिंगोली शहरांत फिरणाऱ्याला इमारती फारशा थांबवीत नाहींत. थांबवितात तीं नांवें. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार! निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकमतीखालीं पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची येथें छावणी होती. ती फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यांत मिळविली गेली. तोफा गेल्या, घोडे गेले, निशाणें गेलीं, आणि मागें राहिलीं पत्त्यावर लिहावयाचीं हीं नांवें. आज रिसाल्यांतून स्कूटरी धांवतात आणि तोफखान्यांतलीं मुलें शिकवणीला जातात.

भाच्याला यांत विशेष रुचि वाटली नाहीं. नांवाचें छायाचित्र घेतां येत नाहीं, हें त्याचें म्हणणें मला मान्य करावें लागलें. म्हणून मीं त्याला हरिसिंगाची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत छावणीच्या त्या बाजारांत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. निजामाच्या चाकरींत असलेला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी स्वतः त्याच्याशीं देवघेव करीत असे. एकदां या हरिसिंगानें मुंबईहून कापड आणावयाचें आहे म्हणून परवाना मागितला व तो त्याला मिळाला. वास्तविक तें कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें होतें आणि तो तें घेऊन वाटेला लागला होता. हरिसिंगानें त्या व्यापाऱ्याला, त्याच्या चाकरांना आणि बैलवाल्यांना ठार केलें, माल आपल्या परवान्यावर छावणींत आणला आणि राजरोस विकला. तो ठगांचा नायक होता. टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' या १८३९ सालीं निघालेल्या कादंबरीच्या प्रस्तावनेंत हें सारें आलें आहे. आणि त्याहून अंगावर कांटा आणणारी गोष्ट अशी कीं, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आंत, छावणीच्या बाजारांतच, माणसें मारलीं जात आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं जात. त्यांपैकीं कित्येक खड्डे उकरले गेले तेव्हां टेलर स्वतः तेथें हजर होता.

हे मेलेले लोक कोण? प्रवासी! ठगांचा सारा धंदाच मुळीं आतिथ्यावर चाले. वाटेंत भेटावें, गोड बोलावें, एकट्यानें पुढें जाऊं नका म्हणून काळजी दाखवावी, सोबत करावी, मुक्कामाची चांगली जागा सुचवावी, आणि मग गळ्याभोंवतीं रुमाल. पाहुण्याला घटकाभरहि रिकामें बसूं न देण्याची कला त्यांनाहि अवगत होती, असें मीं म्हटल्यावर भाचा हंसला. पण वहींत त्यानें कांहीं लिहिलें नाहीं. त्या अनाम वाटसरूंच्या आठवणीचा एखादा दगड हिंगोलींत मला तरी आढळला नाहीं. येथें आले आणि येथून परत गेले नाहींत, अशा त्या माणसांसाठीं एक साधी शिळा असती, तर इतर कांहीं दाखविण्यापूर्वीं मीं प्रत्येक पाहुण्याला तिच्यापुढें नेलें असतें.

दसऱ्याचें नांव मात्र भाच्यानें आपण होऊन काढलें, कारण लहानपणीं मामाच्या खांद्यावर बसून तो त्यानें पाहिला होता. खाकीबाबांच्या मठाकडून १८५५ सालीं सुरू झालेला हा उत्सव, असें परंपरा सांगते. रामलीला मैदानावरचें प्रदर्शन, आकाशपाळणे, आणि विजयादशमीच्या रात्रीं जळणारा रावण. म्हैसूरच्या खालोखाल आमचाच दसरा, असें आम्ही छाती काढून सांगतों. कुलूचे लोक काय म्हणावयाचें तें म्हणोत. त्याच्या आधीं, अनंत चतुर्दशीला, चिंतामणि गणपतीपाशीं नवसाचे मोदक घेण्यासाठीं जी रांग लागते तीहि एकदां पाहावी. तेथून मोदक न्यावयाचा, मनांतलें मागावयाचें, आणि मागितलेलें मिळालें कीं मोदक घेऊन पुन्हां यावयाचें. त्या रांगेंत उभा असलेला मनुष्य पाहुणा म्हणून आलेला नसतो. देणेकरी म्हणून आलेला असतो. बघावयास आलेल्याची आणि फेडावयास आलेल्याची चालण्याची तऱ्हा वेगळी दिसते, हें मीं सांगूं गेलों. तोंवर भाच्यानें 'दसरा, प्रदर्शन' असें लिहून पान उलटलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही औंढ्यास गेलों. मोटारीनें अर्ध्या-पाऊण तासाची वाट. नागनाथाचें देऊळ आधीं बाहेरून पाहावें. खालचा काळ्या दगडाचा भाग यादवकालीन. त्यावर देवदेवता, सुरसुंदऱ्या आणि हत्ती यांची एवढी दाटी कीं नजर कोठें ठेवावी तें कळूं नये. आणि एका ठराविक उंचीवर ही सारी गजबज एकदम थांबते. वर आहे तें चुनेगच्चीचें साधें शिखर, पुष्कळ नंतरचें. मधल्या काळांत मोंगली फौजांनीं देऊळ पाडलें आणि पुढें अहिल्याबाई होळकरांनीं तें पुन्हां उभें केलें, असें सांगतात. शिल्पाचे जाणकार त्या वरच्या भागाकडे पाहून नाक मुरडतात. मला मात्र खालच्या कोरीव कामाहून तो सांधाच अधिक वेळ पाहावासा वाटतो. ज्यांना कोरतां येत होतें त्यांनीं कोरलें. ज्यांना नुसतें बांधतां येत होतें त्यांनीं बांधलें. देव उघड्यावर राहूं दिला नाहीं. आमच्या मुलखाचा इतिहास एका भिंतींत वाचावयाचा असेल तर या सांध्यावर बोट ठेवावें.

चिआंग माईला नागांच्या सोबतीनें वर चढावें लागतें. आमच्या नागनाथाकडे खालीं उतरावें लागतें. सभामंडपांतून जमिनीच्या पोटांत एक अरुंद वाट जाते. पायऱ्या मोजक्याच, पण वाट इतकी चिंचोळी कीं खालीं जाणाऱ्यानें वर येणाऱ्यासाठीं थांबावें. धिप्पाड मनुष्यहि येथें वांकून, अंग चोरून उतरतो. खालीं लहानशी खोली, डोक्यावर सखल छत, समईची ऊब, बेलफुलांचा आणि माणसांच्या घामाचा मिसळलेला वास, आणि मध्यें पिंडी. तेथें उभें राहून कांहीं बघतां येत नाहीं; खालीं बसावें लागतें. डोई सुथेपच्या माथ्यावरून सारें शहर कसें दिसतें, याचें भाच्यानें केलेलें वर्णन माझ्या कानांत ताजें होतें. येथें उतरल्यावर डोळ्यांना कांहीं उरत नाहीं, तळहाताला तेवढें उरतें. वर आल्यावर तो बराच वेळ बोलला नाहीं; त्याला गुदमरलें होतें कीं आणखी कांहीं झालें होतें, तें मीं विचारलें नाहीं.

नागेश ज्योतिर्लिंग म्हणून द्वारकेजवळचें नागेश्वर आणि अलमोड्याकडील जागेश्वर हींहि पुढें येतात. तो वाद पंडितांनीं घालावा. आमचे लोक आपल्या देवाला 'आद्य' म्हणतात आणि शेंगदाणे सोलीत बसतात.

परंतु औंढ्याची खरी कथा देवळाच्या मागच्या अंगाला आहे. नामदेव येथें आले आणि देवापुढें कीर्तन करूं लागले. पुजाऱ्यांना ती अडचण वाटली. त्यांनीं नामदेवांना मागें जावयास सांगितलें. नामदेव मागें गेले, तेथेंच उभे राहून गाऊं लागले, आणि देऊळ फिरलें. पूर्वेचें दार पश्चिमेला आलें. नंदी देवाच्या समोर नाहीं, मागें राहिला आहे, ही त्याची खूण म्हणून गांवचे लोक आजहि दाखवितात. अशी कथा एकट्या औंढ्याची नाहीं. उडुपीला कनकदासांसाठीं कृष्णमूर्ति पश्चिमेकडे वळली, असें कानडी लोक सांगतात. गुरु ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, त्यांतहि देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पंजाबांतला शेतकरी ही गोष्ट कित्येक शतकें ऐकत आला आहे. औंढ्याशींच निगडित असलेली दुसरी कथा विसोबा खेचरांची. पिंडीवर पाय टाकून पडलेल्या त्या म्हाताऱ्याला पाहून नामदेव रागावले, तेव्हां त्यानें म्हटलें, जेथें देव नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेव जेथें पाय ठेवीत तेथें पिंडी दिसे.

मी भाच्याला मागच्या बाजूस घेऊन गेलों आणि तेथें आम्ही जरा बसलों. जगांतलीं बहुतेक प्रेक्षणीय स्थळें पाहणाराला आपल्या तोंडासमोर आणून उभा करतात. त्यासाठीं रस्ते आंखतात, पायऱ्या बांधतात, कमानी उभारतात. येथें ज्याला मागें घालविला त्याच्याकडे देवळानेंच तोंड केलें. 'मागास' म्हणजे मागें पडलेला, हें तर खरेंच. आणि त्या मागास जिल्ह्यांतल्या सर्वांत मोठ्या देवाचें तोंड मागें बसलेल्याकडे आहे. कागद लिहिणाऱ्यांना ही संगति सुचली नसावी. भाच्यानें नकळत हिशेब केला. नामदेवांचा जन्म १२७० चा. तिकडे मेंगराई खंदक खणवीत होता तेव्हां ते सव्वीस वर्षांचे होते. "मग तें शहर आणि हें फिरलेलें देऊळ एकाच वयाचें," तो म्हणाला. कथेला वय लावूं नये, पण मला तें आवडलें.

नर्सीविषयीं मी थोडक्यांतच सांगतों, कारण तेथें पाहण्यापेक्षां पोहोंचण्यालाच महत्त्व आहे. कयाधूच्या कांठचें हें गांव नामदेवांचें जन्मस्थान मानतात. पंजाबांतून शीख यात्रेकरू येथें येतात. आणि नामदेवांचें वास्तव्य झालेल्या तिकडच्या घुमान गांवीं २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां इकडचे लोक तिकडे गेले. पण मला नर्सीची जी गोष्ट सर्वांत प्रिय आहे ती परतवारी. आषाढी एकादशीला पंढरपूर झालें कीं पुढच्या वद्य एकादशीला नर्सीस माणसांचा पूर लोटतो. प्रवासवर्णनें लिहिणारे परतीचा प्रवास एका वाक्यांत उरकतात: 'आणि आम्ही सुखरूप घरीं आलों.' आमच्याकडे त्या एका वाक्याचीच यात्रा भरते.

पाहुण्यानें फाल्गुन-चैत्रांत यावें, हें मीं भाच्याला आग्रहानें सांगितलें. ऊन्ह कडक असतें हें खरें. पण त्या वेळीं वसमतकडे हळद निघालेली असते. जमिनींतून काढलेले गड्डे मोडून, शिजवून, मोकळ्या रानांत उन्हाला पसरलेले दिसतात. शिजत्या हळदीचा वास मातीसारखा, औषधासारखा आणि किंचित् कडवट असा असतो. तो एकदां कपड्यांत शिरला कीं दोन धुण्यांत जात नाहीं. वाळलेलीं हळकुंडें ढोलांत फिरवून घासतात, तेव्हां उडणाऱ्या धुळीनें माणसें डोक्यापासून पायांपर्यंत पिवळीं होतात, जणूं सगळ्या गांवाचें एकदम लग्न ठरलें आहे. मोंढ्यांत पोत्यांच्या थप्प्यांमधून हिंडावें, मूठभर हळकुंडें उचलून एक मोडून पाहावें. आंतला रंग बघून भाव बोलणारे म्हातारे तेथें भेटतात. २०२४ सालीं 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतल्या कित्येक नवऱ्या मुलींच्या अंगाला आमचा जिल्हा लागतो, आणि तरी आम्ही म्हणतों, बाकी कांहीं नाहीं!

शेवटचें नांव मीं दिलें तें दुधाळ्याचें. भाच्यानें तें ऐकलें नव्हतें. औंढा तालुक्यांतल्या या गांवाजवळच्या माळावर 'लायगो' या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची जागा आहे. केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें तिच्या उभारणीला मंजुरी दिली. खर्च सुमारें २६०० कोटींचा. एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या, चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, आणि त्यांतून जाऊन आरशांवरून परतणारा लेसरचा किरण, असें हें यंत्र. अमेरिकेंत अशीं दोन आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं त्यांनीं पहिल्यानें अशी लहर टिपली. दोन कृष्णविवरें एकमेकांत विलीन झालीं, त्या उत्पातानें निघालेली ती लहर सुमारें १३० कोटी वर्षें वाट चालून पृथ्वीवर आली होती. ती जातांना चार किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनसारख्या कणाहूनहि कैक पटींनीं लहान अशा मापानें कमीजास्त होते. आणि यंत्रानें तें ओळखावयाचें असतें. पृथ्वीच्या पाठीवर दूरदूरच्या जागीं अशीं यंत्रें असलीं, म्हणजे लहर कोणत्या दिशेनें आली तेंहि नेमकें सांगतां येतें.

आतां असल्या यंत्राला काय हवें? जमीन हलतां कामा नये. कारखाने नकोत, आगगाडी जवळ नको, वर्दळ नको, गजबज नको. शास्त्रज्ञ देशांत अशी जागा शोधीत हिंडले आणि आमच्या माळावर येऊन थांबले. एवढ्या लांबून येणाऱ्या पाहुण्यासाठीं त्यांनीं जें शोधलें, तें आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहुण्यांपुढें खालच्या मानेनें कबूल करीत आलों होतों.

भाचा हें ऐकून एकदम ताठ बसला. त्याच्या डोळ्यांपुढें फलक, तिकीटघर, उपाहारगृह आणि शाळांच्या सहली उभ्या राहिलेल्या मला दिसल्या. "मग तेथें लोकांना नेतां येईल?" त्यानें विचारलें. मी म्हणालों, "पुढें मागें येईलहि. पण एक ध्यानांत ठेव. जवळून जड गाडी गेली तर त्या यंत्राला ती कळते."

त्यानें थोडा विचार केला आणि वही पुन्हां उघडली. मीं त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलें. दसरा, औंढा, नर्सी, हळद यांच्याखालीं त्यानें दुधाळा असें लिहिलें होतें, आणि त्यापुढें कंसांत: बस लांब उभी करणें, पुढें पायीं.